दिवसाचा नंबर

२ फेब्रुवारी १९९७

खताच्या दुकानदारानं तात्यांना दिलेली ही डायरी मी मागून घेतली. तात्या म्हणाले, "घे. तुला न्हायतरी दुसरं काय काम हाय?" प्रत्येक पानाच्या तळाला युरियाची जाहिरात आहे. असू दे.

मी मेल्यावर कुणी वाचलीच तर कळावं म्हणून आधी नावं लिहितो. मी शंभूराज. तात्या म्हणजे माझे वडील जोतीराम. आई भामाबाई. आमची वस्ती शेळगावच्या रस्त्याला. आजोबांपर्यंत मेंढरं होती, आता ऊस आणि कांदा आहे. मी बारामतीला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होतो, डिसेंबरात सोडलं. काढलं नाही, सोडलं. गावात उलटं सांगतात.

झालं असं. वाचनालयाच्या दारावर नोटीस लागली की मुलींना पुस्तकं चार ते पाच या वेळेत वेगळी मिळतील. वेगळी का? मुलींना काय शिंगं आहेत? मी नोटीस टराटरा फाडली. प्राचार्य म्हणाले, माफी माग. मी म्हटलं, माफी तुम्ही मागा, निम्म्या मानवजातीची. आणि बाहेर पडलो. निम्मी मानवजात व्हरांड्यातच उभी होती, पण एकीनंही टाळी वाजवली नाही. इतकी ती दबलेली आहे.

त्यात सुकन्याही होती.

सुकन्याबद्दल फार लिहिणार नाही. ती शेजारच्या वस्तीवर राहते. तिचं रान आणि आमचं रान यांत एकच बांध आहे. वडील नाहीत, शेत तिची आई करते, प्रयागकाकू. सुकन्या शेवटच्या वर्षाला आहे, एप्रिलात तिची परीक्षा. रोज सकाळी एसटीनं जाते. काल खिडकीतून तिनं बघितलं. माझ्याकडं की मागच्या म्हशीकडं, ते नक्की सांगता येत नाही, पण म्हैस काळीच होती आणि मी पांढरा सदरा घातला होता.

तिच्या मॅडमनी वर्गात वाटलेला एक झेरॉक्स लेख तिनं मला कॉलेजात असताना वाचायला दिला होता, तो आज काढला. स्त्री आणि पुरुष यांच्या समतेवर. निम्मा वाचला आणि अंगात वीज शिरली. बाईला जपण्यासाठी म्हणून जी सवलत देतात तोच तिचा पिंजरा असतो, असं त्यात आहे. हे कुणीतरी सांगायलाच हवं होतं.

आई दोनदा जेवायला हाक मारून गेली. लिहिणाऱ्या माणसाला मधेच बोलावू नये एवढं तिला कळत नाही.

९ फेब्रुवारी

चहाच्या टपरीवर वाजलं.

पाण्याचं आमच्याकडं असं आहे. पाटाला आवर्तन सुटलं, म्हणजे धरणाचं पाणी सोडलं, की आमची चारी, म्हणजे पाटाचा फाटा, रात्रंदिवस वाहते आणि एकेका शेताला नंबरानं पाणी मिळतं. ज्याचा नंबर त्यानं खोरं घेऊन उभं राहायचं. एक वाफा भरला की त्याचं दार बुजवायचं, पुढच्याचं उघडायचं. याला दारं धरणं म्हणतात. या दिवसांत रात्री चिखलात उभं राहून दारं धरणं काय असतं ते तात्यांना विचारावं. मला विचारू नये, मी एकदाच गेलोय.

आमच्या चारीवर जुनी चाल आहे की जी बाई एकटी शेत करते तिला कायम दिवसाचा नंबर. अशा तिघी आहेत. प्रयागकाकू, म्हातारी सारजाआजी आणि म्हाळसा.

तर टपरीवर रामहरी, म्हणजे सुकन्याचा चुलता, म्हणतो कसा, "आमची वैनी म्हंजे चारीवरची राणी. आमी रातभर काकडायचं आन् राणीसायबांना उनात पाणी."

सगळे हसले. युवराज म्हणाला, "बरोबर हाय."

युवराजचा ऊस चारीच्या तोंडाला, सगळ्यांत मोठा. कडक इस्त्री, बुलेट, आणि कुणी काहीही बोललं तरी "बरोबर हाय." माझं डोकं त्यानंच फिरतं.

मी म्हटलं, "सवलत तुमीच द्यायची आणि तुमीच हसायचं? ही भीक झाली."

"भीक न्हाय रं, मान हाय त्यो," रावजी आबा म्हणाले. आबा चारीच्या समितीचे चेअरमन. सत्तरीला आले तरी स्वतःची दारं स्वतः धरतात.

"मान असंल तर समितीत एकबी बाई कशी न्हाय, आबा?"

आबा बशीतल्या चहाकडं बघत बसले. रामहरी म्हणाला, "दिवसाचं पाणी दिलंय की. आता आनखी समिती कशाला?"

बघा. म्हणजे दिवसाचं पाणी घ्या आणि तोंड बंद ठेवा. हाच तो पिंजरा. लेखातला शब्दन् शब्द खरा ठरला. गुरुवारी बिरोबाच्या देवळात चारीची सभा आहे. मी बोलणार.

१३ फेब्रुवारी

आज मी इतिहास घडवला. घाईनं लिहितोय म्हणून अक्षर वाईट येतंय.

गडी देवळाच्या कट्ट्यावर, बायका खाली लिंबाजवळ, नेहमीसारखं. सुकन्या नव्हती, तिची एसटी यायची होती. मी उभा राहिलो. म्हटलं, बाई काय लुळीपांगळी आहे का? खोरं काय फक्त गड्याच्या हाताला ओळखतं? पाणी बघतं का, दारावर कोण उभं आहे ते? बाईला बाई म्हणून वेगळं काढणं बंद करा. तिला माणूस म्हणून मोजा. सारखा हक्क, सारखं काम, समितीत सारखी जागा.

मग युवराज उठला आणि चक्क टाळ्या वाजवल्या.

"बरोबर हाय," तो म्हणाला. "पोरगं शिकलेलं हाय, खरं बोललं. बाया आन् गडी समान. आबा, मग नंबर रानाच्या ओळीनं लावा. बाईचं म्हणून येगळं काय ठिवायचं न्हाय."

"आन् समिती?" मी विचारलं.

"तेबी बघू की. पुढल्या सालाला."

कट्ट्यावरचे सगळे हात वर झाले. सगळे. युवराजसारखा माणूस माझ्या विचारानं हलला, यापेक्षा मोठा पुरावा काय पाहिजे?

लिंबाखालून प्रयागकाकू म्हणाल्या, "आबा, आमाला कुणी इचारलं का?"

"तुमच्याच बाजूनं बोलतंय पोरगं, वैनी," रामहरी म्हणाला.

"व्हय," सारजाआजी म्हणाली, "बाजूनं बोललं आन् बाजूला करून मोकळं झालं."

हशा झाला. मला वाईट वाटलं, पण राग नाही. पिढ्यान् पिढ्यांची सवय एका सभेत जात नाही. पिंजऱ्यातल्या पाखराला आभाळाचं भय वाटणारच.

घरी येताना तात्यांनी पाठीवर थाप मारली. "शाब्बास शंभ्या. पयल्यांदा काय तरी कामाचं बोललास." तात्यांपर्यंतसुद्धा विचार पोचला.

१५ फेब्रुवारी

स्टॉपवर मुद्दाम उभा राहिलो. सुकन्या आली. माझ्याकडं टक लावून बघितलं, ओठ हलले, पण शब्द फुटला नाही. डोळे लाल होते. भावना अनावर झाल्या असाव्यात. एसटी आली आणि राहूनच गेलं.

काही गोष्टी न बोलताच बोलल्या जातात.

२५ फेब्रुवारी

आवर्तन सुटलं. आज आमचा नंबर होता, सकाळी सुरू, उन्हं कलायच्या आत रान भिजून मोकळं. तात्या इतके खुशीत की बांधावर बसून भाकरी खाताना गाणं म्हणत होते.

मला नवल वाटलं. म्हटलं, "तात्या, आपला नंबर तर कायम रातचा ना?"

"व्हता. आता प्रयागबाईचा रातचा. तिचं रान आपल्याला लागून. ओळीनं लावलं तर तिचा दिस आपल्याला आला आन् आपली रात तिला गेली. तूच तर मांडलंस की सभेत."

मी भाकरी खाली ठेवली. "मी समता मांडली, तात्या. अदलाबदल न्हाय."

"त्येच ते," तात्या म्हणाले आणि कांदा फोडला.

नाही, तेच ते नाही. पण काय वेगळं ते मला तिथल्या तिथं सांगता येईना. आणि तसं बघितलं तर बिघडलं कुठं? कुणाच्या तरी वाट्याला रात्र येणारच. समता म्हटली की गोड तेवढं घ्यायचं असं नाही चालत. प्रयागकाकू खंबीर आहेत.

हे लिहून दोनदा वाचलं. काहीतरी टोचतंय.

२७ फेब्रुवारी

सगळं जसं झालं तसं लिहून ठेवतो, म्हणजे नंतर मलाच स्वतःची बाजू गोड करून सांगता येणार नाही.

सुकन्या आज स्टॉपवर आपणहून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ती रागावली की बारामतीची भाषा गळून पडते.

"परवा रातच्याला आमचा नंबर व्हता," ती म्हणाली. "माहीत हाय का?"

मी म्हटलं, हाय.

"मी आन् आई गेलो. कांदा निम्मा भिजला आन् पाणीच बंद झालं. वर कुणीतरी दारं फोडून आपल्या रानात घेतलं. बघायला चारीनं वर चालत गेलो तर युवराजच्या उसाकडंला पाच-सहा गडी शेकोटी करून बसल्यालं. पेल्यालं. त्यातला एक म्हणतो, या की शेकायला, आता तर समान झालाया. आई माझ्या हाताला धरून माघारी वळली. दिसाउजेडी कुणाची टाप हाय का दारं फोडायची? सगळी चारी बघती. म्हणून दिवसाचा नंबर व्हता, शंभूराज. आमची हाडं मऊ हायत म्हणून नव्हता."

माझ्या मुठी वळल्या. "कोण बोललं ते सांग, तंगडी मोडतो त्याची."

"हेच येतं तुला. आधी आमच्यासाठी बोलायचं, मग आमच्यासाठी मारायचं. मधी एकदा तरी इचारायचं?"

मग मीही पेटलो. खोटं कशाला लिहू. म्हटलं, "तूच वादविवाद स्पर्धेत समतेवर बोलून कप आणलास ना? आणि आता घरच्या नंबराची वेळ आली तर सवलत पाहिजे. बाई म्हणून जपा आम्हाला, असंच ना? मग आबा आणि तू एकच बोलताय."

तिनं खाली बघितलं. मला वाटलं जिंकलो.

"मलाबी तेच खातंय," ती म्हणाली. "वेगळं मागावं तर म्हणतात तुमी कमी हाय. सारखं मागावं तर म्हणतात घ्या मग, धरा रात. कुठूनबी गेलं तरी आमीच खाली. लेख पुरा वाचलास का?"

"निम्मा."

"वाटलंच. कॉलेज निम्मं, लेख निम्मा. निम्म्यावरच सभा घेतलीस. गडी रातचं पाणी धरतो आन् सकाळी झोपतो. माझी आई पाणी धरून आली तेव्हा म्हस हंबरत व्हती आन् चूल गार. दोघांना रात सारखीच दिली, मान्य. पण सकाळ? ह्यो नंबर अशा माणसाच्या मापानं लावलाय, ज्याच्या घरात बायको हाय."

एसटी आली. पायरीवर पाय ठेवून ती म्हणाली, "आन् वाचनालयाची नोटीस. ती आमीच अर्ज देऊन लावून घेतली व्हती. गावाकडची गाडी साडेपाचला सुटती, मुलांच्या गर्दीत पुस्तक मिळायच्या आत गाडी जायची. तू फाडलीस आन् ती खिडकीच बंद झाली. त्या दिवशीपासनं बोलले नव्हते, आज बोलले."

एसटी गेली. धूळ बसेपर्यंत मी उभा. कंडक्टरपासून बिरोबापर्यंत सगळ्यांचा संताप आला होता.

२८ फेब्रुवारी

आईकडून कळलं. कांदा पोसायचं आता एकच पाणी राहिलंय, मार्चअखेरचं. प्रयागकाकूंच्या विहिरीत घागर बुडत नाही. रामहरीनं त्यांच्या दारात उभं राहून सांगितलंय की फुडलं पाणी हुकलं तर एकट्या बाईनं शेत केल्यालं बास झालं. रान युवराजला वाट्यानं देणार आणि सुकन्याचं वैशाखात उरकणार. पोरगा बघून ठेवलाय म्हणे.

परीक्षा एप्रिलात. वैशाख लगेच मागं लागून.

"रामहरी काकाला कुणी अधिकार दिला?" मी ओरडलो.

"हळू बोल," आई म्हणाली. "तुला तरी कुणी दिल्ता?"

आईसुद्धा. जेवलो नाही.

८ मार्च

बारामतीला महिला दिनाचा कार्यक्रम. सुकन्याचा सत्कार होता म्हणून गेलो, मागं उभा राहिलो. प्रमुख पाहुणा कोण, तर युवराज. साड्या आणि नारळ त्याच्या खर्चानं.

माईक धरून काय बोलला ते जसंच्या तसं लिहितो. "स्त्री ही शक्ती आहे. ती वेगळी आहे, थोर आहे, तिची बरोबरी पुरुष करूच शकत नाही. तिनं असल्या बरोबरीच्या भानगडीत पडूच नये. तिचं स्थान देव्हाऱ्यात आहे."

टाळ्या. मला बसमध्येसुद्धा बसवेना, दांड्याला लटकत उभ्यानं आलो. फेब्रुवारीत बाई समान होती, तेव्हा तिला रात्र मिळाली. मार्चात ती देवी झाली, तेव्हा तिला नारळ मिळाला. पाणी दोन्ही वेळा युवराजच्या उसाला.

आणि या माणसानं सभेत माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या. मी त्या घेतल्या होत्या.

लेखाचा उरलेला भाग आज वाचला. त्यात काही सुटसुटीत उत्तर नाही. नुसतं विचारलंय की सारखं म्हणजे कुणासारखं? राग आला लेखावर. इतकी पानं लिहून माणसाला प्रश्न देतात.

११ मार्च

प्रयागकाकूंच्या रानात गेलो. काकू आणि सारजाआजी कांद्यातलं गवत काढत होत्या. मी बांधावर उभा राहून म्हटलं, काकू, पुढच्या नंबराला रातची दारं मी धरतो. तुम्ही दोघी घरी झोपा.

काकूंनी खुरपं थांबवलं नाही. "घरात तरणी पोर, आन् रातभर माझ्या रानात तू. सकाळी गाव काय म्हणंल? रामहरीला तर आयतंच."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. खरं सांगायचं तर त्या रात्रीचं मी मनात वेगळंच चित्र रंगवलं होतं. सुकन्या चहाचा गडू घेऊन येते वगैरे.

"मग अदलाबदल करू," मी म्हटलं. "आमचा दिवस तुम्ही घ्या, आम्ही रात घेतो. तात्यांना मी बघून घेतो."

"तू दिलास तर त्यो तुझा उपकार," काकू म्हणाल्या. "उद्या तात्यांचं मन फिरलं, न्हायतर तुझंच फिरलं, की गेला. चारीनं दिला पायजे."

"पूर्वी चारीनंच दिला होता."

"त्यो बी उपकारच व्हता, बाबा," सारजाआजी म्हणाली. "दिवसाचं पाणी घेतलं म्हणून वीस वरसं खाली लिंबापशी बसलोय. कट्ट्यावर काय बी ठरवू द्यात, आमी आपलं बरं म्हणायचं. तू बोललास त्यात समितीचं खोटं नव्हतं. पर तेवढंच युवराजनं गिळलं आन् बाकीचं गळ्यात मारलं आमच्या."

मला एकदम बळ आलं. "मग मी परत सभेत बोलतो."

"पुन्यांदा?" आजी म्हणाली आणि दोघी इतक्या हसल्या की काकूंना पदरानं डोळे पुसावे लागले. मी तिथंच उभा. कान तापले होते.

हसणं ओसरल्यावर काकू म्हणाल्या, "बोल. पर दोनच गोष्टी बोलायच्या. आमच्या घराला मिळाल्याला दिवसाचा नंबर सोडतो, ही एक. आन् आता बायकांचं ऐका, ही दुसरी. मग खाली बसायचं. जमंल?"

मी म्हटलं जमेल.

"आन् आबांना म्हणावं सभा दुपारच्याला घ्या. दिवेलागणीला घेता आन् आमी चुलीपुढं. त्या दिवशी म्हाळसा त्याच्यानंच आली न्हाय."

म्हाळसा आली नव्हती हे मला आज कळलं.

१६ मार्च

दुपारी सभा झाली. आबा कशाला कबूल झाले देव जाणे. म्हणाले, मलाबी दिवेलागणीला नीट दिसत न्हाय. तिघीही आल्या. सुकन्या आली, आईच्या मागं बसली. बायका लिंबाजवळ थांबल्या नाहीत, कट्ट्याच्या पायरीपर्यंत आल्या. वर कुणी सरकून जागा दिली नाही, मग सारजाआजी पायरीवरच बसली.

मी उभा राहिलो. म्हटलं, मागल्या सभेत मी ज्यांचं बोललो त्यांना विचारलं नव्हतं. दिवसाचा नंबर त्यांचा गेला आणि आमच्या घरी आला. तो आम्ही सोडतो. आता त्यांचं ऐका.

अजून पुष्कळ येत होतं. नारळाचं, देव्हाऱ्याचं, शेकोटीचं. सगळं जिभेच्या टोकावर. बसलो. आयुष्यात इतकं अवघड काही केलं नाही.

तात्या उठले, टोपी झटकली. "घर तुज्या नावावर कवा झालं रं?" म्हणाले आणि पायताण न घालता हातात घेऊनच तरातरा निघून गेले.

मग सारजाआजी. "गड्यांनो, येक इचारते. रातचं पाणी धरून सकाळी घरी आल्यावर काय करता?"

"काय करतो म्हंजे? झोपतो," रामहरी म्हणाला.

"आन् म्हस कोण पिळतं?"

मागून एकजण म्हणाला, "बायकू."

"भाकरी?"

"आता बायकूच की, आजी."

"आमच्या घरी बायको न्हाय, आबा," प्रयागकाकू म्हणाल्या. "आमीच हाय."

आवाज चढवला नव्हता.

युवराज म्हणाला, "मग पुन्यांदा बाया म्हणून येगळं करा म्हणता? समान नको?"

मी उठणार होतो. सुकन्यानं नुसतं बघितलं. बसलो.

"बाया म्हणून न्हाय," काकू म्हणाल्या. "जे रान एकट्याच्या अंगावर हाय, घरात दुसरं माणूस न्हाय, त्याला दिवसाचा नंबर. बाई असू द्या न्हायतर गडी. असं लिवून घ्या. मान म्हणून नको, कायदा म्हणून." मग आबांकडं वळून म्हणाल्या, "म्हंजे तुमालाबी मिळंल, आबा. वैनी गेल्यापासनं तुमी एकटंच धरता की रातची दारं. खोकला जाईना तुमचा."

आबांनी टोपी काढली, परत घातली. तेवढ्यात म्हाळसानं, जी कधी बोलत नाही, एवढंच म्हटलं, "आन् लिवताना आमच्यातली एक तितं बसली पायजे. न्हायतर फुडल्या सालाला पुसलं जाईल."

हात वर करायला सांगितले. आबांचा पहिला. मग ज्यांची रानं चारीच्या शेपटाला आहेत त्यांचे, कारण रातची दारं फोडतात त्याचा फटका त्यांनाही बसतो. रामहरीचा नाही. शेवटी मोजणीची गरजच उरली नाही तेव्हा युवराजनं पांढऱ्या बाहीचा हात वर केला आणि म्हणाला, "बरोबर हाय."

सारजाआजी समितीत. ती उठून कट्ट्यावर आली, युवराजच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "सरक की जरा."

सभा संपल्यावर मी सुकन्याच्या वाटेत उभा राहिलो. तिला म्हणायला एक वाक्य आठवडाभर घासून ठेवलं होतं. ती म्हणाली, "चांगला बसलास." आणि आईबरोबर गेली.

याचा अर्थ काय घ्यायचा? संध्याकाळपासून विचार करतोय. चांगला बसलास.

३१ मार्च

परवा प्रयागकाकूंना दिवसाचं पाणी मिळालं. कांदा कडेपर्यंत भिजला. रामहरी बांधावर येऊन बघून गेला. वैशाखाचं आता कुणी काढत नाही, निदान या सालचं तरी.

काल रात्री आमचा नंबर. तात्या सभेपासून माझ्याशी बोलत नाहीत. आईमार्फत निरोप आला, "त्याला म्हणावं, सोडलास तूच, धर तूच." धरला. त्याबद्दल काही लिहिण्यासारखं नाही. खोऱ्यानं तळहात सोलले, दोन वाफे फुटले, आणि समतेवर एकही विचार सुचला नाही.

उजाडताना घरी आलो, चिखलानं भरलेला तसाच ओट्यावर आडवा झालो. डोळा लागेना. गोठ्यात धार वाजत होती. मग बादली ठेवल्याचा आवाज, मग झाडू. मग चुलीचा धूर. मग परत झाडू. हे रोज होतं का? मी रोज याच वेळी झोपलेला असतो.

आत जाऊन विचारलं, "आई, तू रात्री झोपलीस का?"

"तू रानात," ती म्हणाली. "मला कुठली झोप."

म्हणजे नंबर माझा होता आणि रात्र दोघांची गेली. हे कुठल्या समितीत लिहून घ्यायचं? इतका संताप आला, आणि या वेळी भांडायला समोर कुणीच नव्हतं. आईच्या हातातला झाडू घेतला आणि गोठ्यात शिरलो.

"ठिव ते," आई मागं धावली. "येड्या, रस्त्यावरनं लोक बघत्यात. तात्या बघतील. दे हिकडं."

"बघू दे."

"मला बोलतील ते. तुला न्हाय."

मी थांबलो. हेही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. बोल आईला बसणार. झाडू हातात तसाच, शेण पायात.

"मग काय करू?" मी विचारलं.

आईनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी परक्या भाषेत बोललो. मग म्हणाली, "आतल्या बाजूचं झाडून काढ. तितलं रस्त्यावरनं दिसत न्हाय. आन् ते घमेलं जड हाय, ते उचलून दे उकिरड्यावर. माझा खांदा दुखतोय दिवाळीपासनं."

दिवाळीपासून.

घमेलं डोक्यावर घेऊन बाहेर आलो तर समोरून सुकन्या, छातीशी पुस्तकं, स्टॉपकडं निघालेली. तिनं बघितलं. घमेल्याकडं, चिखलाकडं, माझ्याकडं. थांबली नाही. वळणापाशी मात्र एकदा मागं वळून बघितलं.

तिच्या मनात काय होतं, मला माहीत नाही. महिन्यापूर्वी मी इथं पानभर लिहिलं असतं.

परीक्षा संपली की विचारीन.